हरकत असल्यास आताच बोलावे

विठ्ठलवाडी
२४ ऑगस्ट २०२५

शालू,

सलाम. हे हाताने लिहून, त्याचा फोटो काढून तुला पाठवते आहे, कारण फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस. 'ताई, ड्यूटी आहे' म्हणतेस आणि ठेवतेस. मस्कतच्या नर्सना चोवीस तास ड्यूटी असते हे मला नव्यानेच कळलं. कागद काही मध्येच ठेवून देता येत नाही. उत्तर दिलं नाहीस तरी दोन निळ्या खुणा उमटतात, तेवढ्यावर मी समजून घेते.

आईच्या मातीला सगळ्या मंडळीसमोर मी तुला जे बोलले, ते मागे घ्यायला हे पत्र नाही. तीन वर्षं झाली, तू धरून बसली आहेस, बस.

विषय वेगळा आहे. पाळकसाहेबांनी चर्चचा तरुण संघ पुन्हा माझ्या गळ्यात घातला. रिटायर झालेली मास्तरीण म्हणजे देवळाच्या कट्ट्यावर ठेवलेली कळशी, येणारा-जाणारा पाणी भरून घेतो. मी म्हटलं, घेते, पण सलग आठ शनिवार द्या आणि विषय मी ठरवणार. विषय म्हणजे लग्न. कमिटीत दौलतमामांचा चहा बशीतच राहिला. सेक्रेटरी होऊन त्यांना इतकी वर्षं झाली, तरी 'लग्न' हा शब्द ते प्रार्थनेत सुद्धा खाली बघून उच्चारतात. म्हणाले, "रतनबाई, तरुण पोरांपुढे हा विषय कशाला? उपासावर घ्या." मी म्हटलं, "मामा, उपास त्यांना जमतो. लग्न जमत नाही." त्यावर पाळकसाहेब हसले आणि ठराव मंजूर झाला.

आराखडा तयार आहे. पहिल्या शनिवारी जोडीदार कशावरून निवडायचा. दुसऱ्या शनिवारी आईबापांना समोर बसवून पोरांनी त्यांना प्रश्न विचारायचे. चौथ्या शनिवारी हॉलच्या स्वयंपाकघरात मुलांनी कांदा चिरायचा आणि मुलींनी खुर्चीवर बसून बघायचं. पाचवा माझा लाडका आहे. लग्नाआधी तीन रविवार पाळकसाहेब नवरा-नवरीची नावं वाचतात आणि 'कोणाची हरकत असल्यास आताच बोलावे' म्हणून विचारतात, ते कशासाठी हे या पोरांना ठाऊकच नाही. तेव्हा सगळी मोबाइलमध्ये असतात. म्हणून एक खोटी जोडी उभी करून मी सूचना वाचणार आहे. बघू तरी, कोण जागं आहे.

आता खरं सांगते. पोरं बावीस आहेत, पण नेम एकीवर आहे. तुझ्या सान्वीला चोविसावं सरलं. तिचे वडील गेले आणि तू परदेशी गेलीस तेव्हा ती दहाची होती, तेव्हापासून माझ्या ताटात जेवते आहे. नगरच्या विनीतचं स्थळ सोन्यासारखं आहे. आपल्यातला, शाळेत कायम, आवाज चांगला, दाढी नाही. जुलैत मी त्याचा फोटो आणि सगळी माहिती तुला पाठवली होती. निळ्या खुणा आल्या, हरकत आली नाही. म्हणून मी नगरला होकार कळवला. नोव्हेंबरात ती माणसं बघायला येतील. सान्वीला विचारलं की म्हणते, "बघू गं मावशी." आठ शनिवारांनंतर ती 'बघू' म्हणणार नाही.

रतनताई


२१ सप्टेंबर २०२५

शालू,

तीन शनिवार झाले. पोरं वेळेवर येतात, शेवटपर्यंत बसतात. दुसऱ्या शनिवारी एका मुलीने आपल्या बापाला विचारलं की तुम्ही आईला शेवटचं थँक्यू कधी म्हणालात. बाप पंख्याकडे बघत बसला. घरी जाऊन त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, पण या शनिवारी तिचे आईबाप दोघं आपणहून आले होते.

काल तिसरा धडा झाला. गप्प बसण्याचा. आंबिवलीची गोष्ट सांगितली, तुला आठवत असेल, त्या माणसाला जालन्याला आधीच बायको होती आणि अर्ध्या मंडळीला ते माहीत होतं. तीन रविवार सूचना वाचली, तीन रविवार सगळे बुटांकडे बघत राहिले, आणि त्या पोरीचं वाटोळं झालं. मी पोरांना सांगितलं, विचारल्यावर गप्प बसणं हीसुद्धा साक्ष आहे, आणि माहीत असून गप्प बसलात तर ती खोटी साक्ष. सान्वी मान खाली घालून बसली होती. घरी येऊन जेवली नाही. म्हणाली, डोकं दुखतंय. मला वाटतं, लागलं मनाला. नगरचा विचार सुरू झाला असणार.

गाण्याला यंदा रंग आहे. ढोलकीवर ऋतुराज असतो. तू त्याला पाहिलेलं नाहीस. कोपरचा मुलगा, मूळ संगमेश्वराकडचे, आपल्यातला नाही. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या गाण्यांच्या फेरीला ढोलकीवाला मिळेना, तेव्हा संघातला आर्यन त्याला धरून घेऊन आला आणि तो राहिलाच. दौलतमामांनी नाक मुरडलं होतं, मीच त्यांना म्हटलं की ढोलकीला जातधर्म नसतो. पोरगं गुणी आहे. वाजवताना सुद्धा दुसऱ्याला पुढे जाऊ देतो. नाताळच्या फराळातल्या चार करंज्या मी त्याच्यासाठी वेगळ्या काढून ठेवते.

पाचव्या शनिवारसाठी जोडी ठरली आहे. सान्वी आणि आर्यन. दोघांचं लहानपणापासून पटत नाही, त्यामुळे उद्या कुणी नाव जोडायची भीती नाही. मी सगळा विचार करते, शालू.

ताई


५ ऑक्टोबर २०२५

शालू,

आज रविवार आहे आणि मी उपासनेला गेले नाही. तापातसुद्धा गेलेली मी. आज घरी बसले आहे. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

क्रमाने सांगते. क्रम सोडला तर मला काहीच सांगता येणार नाही.

प्रार्थनामंदिरात खोटी सूचना वाचायला पाळकसाहेबांनी नकार दिला होता. "त्या जागेवरून लटकी नावं नको, रतनबाई." म्हणून मागच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. दुपारी सान्वी म्हणाली होती, "मावशी, मला नको उभं करूस." मी म्हटलं, "अगं नाटक आहे ते, खरं लग्न लागतंय का?" तिने आरशापुढून फणी उचलली. मग केस बांधून निघाली. आर्यन तर घामाने भिजला होता. "मावशी, दुसऱ्या कोणाला तरी घ्या ना, प्लीज. मला नाय जमणार." मला वाटलं लाजतोय. कान धरून उभा केला.

पहिली सूचना वाचली. पोरं खिदळली. दुसरी वाचली. कोणीतरी शिट्टी मारली, मी डोळे वटारले. तिसरी वाचायच्या आधी मी थांबले आणि म्हटलं, "तिसऱ्या शनिवारचा धडा आठवा." मग पाळकसाहेबांच्या आवाजात वाचलं, "कोणाची हरकत असल्यास आताच बोलावे."

ऋतुराजने ढोलकी मांडीवरून खाली ठेवली आणि उभा राहिला.

"मावशी, हरकत आहे."

मला इतका आनंद झाला शालू. वाटलं, बावीस जणांत एक तरी तयारी करून आला, आणि तोही बाहेरचा. मी म्हटलं, "शाब्बास. कारण सांगा."

"मुलीचं लग्न झालंय."

टाळ्या पडल्या. मी पण वाजवली. मी हसत विचारलं, "कोणाशी?"

"माझ्याशी."

पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. मी सान्वीकडे वळले, तिला खूण करायला की बघ किती छान करतोय. ती हसत नव्हती. ती म्हणाली, "मावशी, तो नाटक नाही करत."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतंय. एका मुलाचं हसणं बाकीच्यांच्या नंतर थांबलं, ते आठवतंय. मी 'कधी' असं विचारलं असणार, कारण ती म्हणाली, जुलैत. ठाण्याच्या विवाह नोंदणी कचेरीत. म्हणाली, "आमची पण सूचना लावलेली मावशी. महिनाभर फळ्यावर होती, फोटोसकट. हरकत असेल तर कळवा म्हणून. कोणीच नाही आलं." आणि जूनमध्ये मी पेन्शनच्या कामाला ठाण्याला दोनदा जाऊन आले होते.

मी आर्यनला विचारलं, "तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "मी गेलेलो ना मावशी. साक्षीदार म्हणून." नवरदेव म्हणून मी ज्याचा कान धरला तो खऱ्या लग्नाचा साक्षीदार.

जुलैत एकदा ती पेढे घेऊन आली होती. फार्मसीत बढती मिळाली म्हणाली. मी ते पेढे उपासनेनंतर दारात उभी राहून वाटले. ऋतुराजला मी माझ्या हाताने पेढा भरवला आणि म्हटलं, आमच्या सान्वीचं असंच चांगलं होऊ दे. तो वाकून माझ्या पाया पडला. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं.

रात्री मी तिला एकच विचारलं, नाटकातच का बोललीस? तीन महिने गप्प होतीस, अजून गप्प बसली असतीस. तर म्हणते, "तू विचारलंस. विचारल्यावर गप्प बसणं म्हणजे खोटी साक्ष, हे तूच शिकवलंस. आणि मी बोलणार होते, मला शब्दच फुटेना, म्हणून तो उठला."

सकाळी ती बॅग भरून गेली. मी थांबवलं नाही. मी विचारलं नाही कुठे चाललीस. तुझी मुलगी माझ्याकडे ठेवलेली होती आणि मला ती सांभाळता आली नाही. हे तुला कसं सांगायचं याची मला काल रात्रीपासून धास्ती होती. सांगून झालं.

ताई


१२ ऑक्टोबर २०२५

मागच्या पत्राला निळ्या खुणा आल्या. तू फोन केला नाहीस. मुलीचं लग्न परस्पर झालं असं ऐकून कुठलीही आई ओरडते, रडते, निदान 'काय?' एवढं तरी विचारते. मला वाटलं, तुला धक्का बसला असेल. आठवडाभर तुझ्या काळजीने मला झोप नाही.

काल मी कोपरला बायजाकडे गेले. तुझी ट्रेनिंगची मैत्रीण, म्हटलं तिचा फोन तरी तू घेशील. दार उघडलं तर आत सान्वीच्या चपला. सान्वी ड्यूटीवर होती. बायजाने मला पाणी दिलं आणि समोर बसली. मी म्हटलं, "बायजा, शालूला जरा तू सांग गं. हे ऐकून तिला काही होऊ नये." बायजा म्हणाली, "रतनताई, शालूला मेपासून माहीत आहे." आणि मग म्हणाली, "साक्षीदारांत दुसरी सही माझी आहे. शालू म्हणाली, मला रजा नाही, तू माझ्या जागी उभी राहा. म्हणून गेले."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. तो कुठे ठेवला ते मला दिसत नव्हतं. पाणी सगळं माझ्या साडीवर सांडलं.

तुला माहीत होतं. मी नगरचा फोटो पाठवला तेव्हा तुझी मुलगी लग्न होऊन माझ्याच घरात भाकऱ्या थापत होती, आणि तू निळ्या खुणा पाठवल्यास. मी आठ शनिवार आखत बसले, कोणता धडा कोणावर लागू पडेल ते तुला कौतुकाने लिहीत बसले, आणि तू वाचत होतीस. हसलीस का गं? एकदा तरी हसली असशील. सगळ्या गावाला ठाऊक आणि मास्तरणीलाच नाही. आता नगरच्या माणसांना मी काय तोंड दाखवू?

मी बायजाला विचारलं, मला का नाही सांगितलं? मी काय वैरीण आहे? बायजाने टेबलावरचा प्लॅस्टिकचा कपडा सारखा केला. मग म्हणाली, "शालू घाबरली. म्हणाली, ताईला कळलं तर ती मंडळीपुढे उभी राहील आणि बोलेल. आईच्या मातीला बोलली तशी. ते पोरगी सहन करू शकणार नाही."

हे ऐकून मी घरी आले. आंबिवलीचं मी पोरांना शिकवते आणि माझ्या सख्ख्या बहिणीला माझी भीती वाटते. मला राग आला आहे, शालू. तुझा, तिचा, त्या ढोलकीवाल्याचा, बायजाचा, सगळ्यांचा. जेवण करते आणि ते तसंच ताटात राहतं.

आणखी एक. आज उपासनेनंतर कमिटी बसली. परधर्मातल्या माणसाशी मंडळीबाहेर लग्न केलं म्हणून सान्वीला प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला बंद करायचा, ऋतुराजला तरुण संघात येऊ द्यायचं नाही आणि माझे उरलेले शनिवार रद्द, असा ठराव दौलतमामांनी मांडला. नियमाप्रमाणे तो एका रविवारी मंडळीपुढे वाचतात आणि कोणी काही बोललं नाही की लागू होतो. त्यांनी विचारलं, "रतनबाई, तुमचं काय?" मी काही बोलले नाही. माझ्या मनात होतं, बरं झालं. भोगू दे. सर्वानुमते, असं त्यांनी लिहून घेतलं.

रतन


२६ ऑक्टोबर २०२५

शालू,

मागच्या रविवारी पाळकसाहेब गावी होते म्हणून ठराव आज वाचला.

मधल्या आठवड्यात दिवाळी झाली. ऋतुराजची आई डबा घेऊन माझ्या दारात आली. बाई माझ्याहून लहान आहे, फार बोलत नाही. म्हणाली, "मास्तरीण बाई, आमच्याकडे ह्यांनी बोलणं सोडलंय पोराशी. फराळ नाय खाल्ला कोणी. म्हटलं, तुमच्याकडे पण तसंच असंल." चकल्या होत्या. मी आणि तिने दोघींनी बसून एकेक खाल्ली. जाताना ती म्हणाली, "तुमची पोर गोड बोलते." मी 'तुमचा पण' असं म्हणाले, ते तोंडातून निघून गेलं.

आज सान्वी आली. शेवटच्या बाकावर, एकटी. ऋतुराज आत आला नाही, बाहेर पिंपळाखाली उभा होता, मला खिडकीतून दिसत होता. पुढे ढोलकी खोळीत घालून ठेवली होती. पाळकसाहेबांनी ठराव वाचला. 'सान्वी' हे नाव त्यांनी फार हळू वाचलं, त्यांनीच तिला बाप्तिस्मा दिलेला, लहान असताना कडेवर घेऊन. मग त्यांनी विचारलं. तेच शब्द. कोणाची हरकत असल्यास आताच बोलावे.

सगळे बुटांकडे बघत होते. मी पण बघत होते. माझ्या चपलेचा अंगठा सुटलाय, तो बघत होते. आणि मला आर्यनचा घामेजलेला चेहरा आठवला, आणि ती, केस बांधून निघालेली, मला 'नको उभं करूस' म्हणाली ती.

मी कधी उठले मला माहीत नाही. बाक करकरला म्हणून मला कळलं की मी उभी आहे. मी म्हटलं, "हरकत आहे."

दौलतमामा वळले. "रतनबाई, तुम्ही तर कमिटीत होतात. सर्वानुमते झालंय. तेव्हा का बोलला नाहीत?"

"तेव्हा गप्प बसले. ती खोटी साक्ष होती."

"कारण काय हरकतीचं?"

शालू, तुला माहीत आहे माझं तोंड. आयुष्यात शब्दाला शब्द कमी पडला नाही. नियम मला पाठ आहेत, त्यांच्या आधीच्या तीन ठरावांमधल्या चुका मला पाठ आहेत. एकही आठवेना. मंडळी बघत होती. मागे वळून मी तिच्याकडे बघितलं, ती तोंडावर ओढणी धरून बसली होती. माझ्या तोंडून एवढंच आलं, "ती माझी आहे."

आणि मी रडायला लागले. सगळ्यांसमोर. आईच्या मातीला रडले नव्हते ते पण निघालं असेल. खाली बसायचं सुचलं नाही, तशीच उभी राहिले.

पाळकसाहेब म्हणाले, हरकत आली, आज ठराव लागू होत नाही. पुढच्या रविवारी मंडळीची सभा घेऊ, ज्याला जे बोलायचं ते समोर बोलू दे. दौलतमामांनी काहीतरी खरडलं. मी बाहेर गेले आणि पिंपळाखालच्या त्याला म्हटलं, "ऊन लागतंय, आत नाही येत तर घरी तरी चल."

आता दोघं आत स्वयंपाकघरात आहेत. तो कांदा चिरतोय. चौथ्या शनिवारचा धडा त्यालाच तेवढा लागला. बारीक चिरतो, पण फार वेळ लावतो, ती मघाशी सुरी हातातून घ्यायला गेली तर देत नव्हता. अजून मी त्यांच्याशी धड बोललेले नाही. राग गेलेला नाही, तुझ्यावरचा तर मुळीच नाही. माझे तीन शनिवार बाकी आहेत, आर्यनचे सकाळपासून चार मेसेज आले की मावशी कधी सुरू करताय.

तू बायजाला सांगितलंस ना, ताईला कळलं तर ती मंडळीपुढे उभी राहील म्हणून. राहिले बघ.

पुढच्या रविवारी सभा आहे. मी पुन्हा उभी राहीन, पण मी मावशी आहे. दौलतमामा विचारणारच की तिच्या आईचं काय म्हणणं आहे. बायजा तुझ्या जागी एकदा उभी राहिली, पुन्हा नाही राहणार, मी तिला सांगितलं आहे. रजा माग. मिळाली नाही तर त्या वेळी फोन कर, मी तो सगळ्यांपुढे स्पीकरवर धरीन, दोन वाक्यांच्या पुढे जा आणि मला मध्ये बोलू देऊ नकोस.

या पत्राला निळ्या खुणा पाठवू नकोस, शालू.

ताई